बारीक पाकटाचा हिशेब

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळाला, तेव्हापासून खाडीतल्या जिवांबद्दल ठाण्यात आणि नवी मुंबईत पुष्कळ बोलले जाते. त्यातले बहुतेक बोलणे रोहित पक्ष्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मासळीचा विषय निघाला, आणि त्यातही पाकटाचा (स्टिंगरेचा, म्हणजे तळाशी राहणाऱ्या, शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा) निघाला, तर वाद दोन वाक्यांत अडकून पडतो. एक पक्ष म्हणतो, धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत नाव आले आहे, विक्री बंद करा. दुसरा म्हणतो, बारीक पाकट दर उधाणाला टोपलीभर येते, ते संपणार कसे? दोघेही यादीतल्या एका शब्दावर भांडतात आणि मासा बाजूला राहतो. माझे म्हणणे असे, की बारीक पाकटावर सरसकट बंदी घालायची गरज नाही, पण ते डोळ्याआड करण्याइतके सुरक्षितही नाही. मादीने निदान दोन-तीनदा पिल्ले देईपर्यंत तिला पाण्यात कसे राहू द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दिल्लीतल्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीपेक्षा किनाऱ्यालगतच्या पाच-दहा वाव (एक वाव सुमारे १.८ मीटर) खोल पाण्यात सापडेल.

आधी मासा नीट पाहू. बाजारात ज्याला नुसते 'बारीक पाकट' म्हणतात, त्यात ब्रेव्हिट्रायगॉन या प्रजातीतल्या बुटक्या जाती येतात. नावाचा अर्थच 'आखूड पाकट'. भावकीतल्या इतर पाकटांसारखी चाबकाएवढी लांब शेपटी यांना नसते. शास्त्रज्ञांनी ही प्रजाती २०१६ मध्ये वेगळी काढली. त्याआधी या जाती हिमांतुरा या मोठ्या पसाऱ्यात मोडत. पूर्ण वाढलेले पाकट पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण वीस-बावीस सेंटिमीटर भरते, म्हणजे भाकरीएवढे. जन्मलेले पिल्लू आठ-दहा सेंटिमीटरचे. अंडी पाण्यात सोडून द्यायची रीत पाकटात नाही. पिल्लू आईच्या पोटात वाढते, बलक संपला की गर्भाशयाच्या भिंतीतून झिरपणाऱ्या दुधासारख्या स्रावावर पोसते आणि आईची छोटी नक्कल होऊनच बाहेर येते, काट्यासकट. एका वेताला एखाद-दुसरेच पिल्लू, फार तर आणखी एक-दोन. पापलेटची मादी एका हंगामात हजारोंनी अंडी सोडते. त्यातली बहुतेक वाया गेली तरी चालते, कारण निसर्गाने तो तोटा आधीच धरलेला असतो. पाकटाच्या हिशेबात असा तोटा धरलेलाच नाही.

म्हणून 'लहान मासा म्हणजे भराभर वाढणारा मासा' ही समजूत इथे लावताना थांबावे लागते. तिच्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. बुटकी पाकटे मोठ्या जातींपेक्षा लवकर वयात येतात, आणि दीड-दोन मीटर रुंदीची पाकटे जिथे विरळ झाली तिथेही ही टिकून दिसतात. पण साधी बेरीज करून पाहा. एका मादीने आयुष्यात एकाच वेताला दोन पिल्ले दिली आणि ती जाळ्यात गेली. दोनपैकी एक पिल्लू सरासरीने मादी. संख्या आहे तेवढी राहायची, तर ती एकुलती मुलगी वयात आलीच पाहिजे. तिला मोठ्या माशाने खाता कामा नये, डोलीत, म्हणजे प्रवाहात बांधलेल्या जाळ्यात, जाता कामा नये, ट्रॉलखाली, म्हणजे बोटीमागे तळावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्याखाली, चिरडली जाता कामा नये. असे कुठल्या समुद्रात होते? तीन वेत मिळाले तर तीन मुलींपैकी एक जगली तरी भागते. सगळा फरक एका आणि तीन वेतांमधला आहे.

आता यादीकडे. बुटक्या पाकटांतली वाल्गा ही जात लाल यादीत 'संकटसमीप' आहे, आणि तिच्याच भावकीतली इंब्रिकाटा 'असुरक्षित'. पहिला शब्द वाचून बंदी नको म्हणणारा पक्ष सुटकेचा श्वास सोडतो: म्हणजे संकट अजून आलेले नाही. पण हा शिक्का बसतो कसा? गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा त्यात, संख्या ३० टक्के घटली तर जात 'असुरक्षित' ठरते, ५० टक्के घटली तर 'संकटग्रस्त', ८० टक्के घटली तर 'अतिसंकटग्रस्त'. तिसाच्या जरा अलीकडे राहिली, तर 'संकटसमीप'. समजा पाकटाची पिढी पाच वर्षांची, म्हणजे तीन पिढ्या पंधरा वर्षांच्या. दरवर्षी दोन टक्के घट होत गेली तर पंधरा वर्षांत २६ टक्के कमी होते, आणि शिक्का 'संकटसमीप'. पुढच्या पंधरा वर्षांत पुन्हा तितक्याच प्रमाणात घट, शिक्का तोच. पंचेचाळीस वर्षांनी मूळ संख्येतले ६० टक्के संपलेले असते आणि दर वेळच्या मोजणीत यादीतला शब्द बदललेला नसतो. यात यादीचा दोष नाही. घसरण किती वेगाने चालू आहे हे सांगण्यासाठीच ती केलेली आहे. किती शिल्लक आहे हे तिला विचारणे म्हणजे होडीचा वेग पाहून डिझेल किती उरले ते ठरवणे.

दुसरी अडचण टोपलीतच आहे. 'बारीक पाकट' हे नाव आकाराचे आहे, जातीचे नाही. मोठ्या जातीच्या पाकटाचे नुकते जन्मलेले पिल्लू वीस-तीस सेंटिमीटर रुंद असू शकते; बुटक्या जातीची गाभण मादी त्याहून लहान. धक्क्यावर दोन्ही एकाच राशीत पडतात, एकाच भावाने जातात आणि आकडेवारीत बहुधा 'पाकटे' या एकाच रकान्यात मिसळतात. मोठी पाकटे कमी झाली की राशीत लहानांचा वाटा वाढतो. वजन फारसे हलत नाही, आतला माल बदलतो. 'पाकट पूर्वीइतकेच येते' असे सांगणारा कोळी खोटे बोलत नाही. त्याच्या टोपलीचे वजन खरेच तेवढे असते. युरोपात हेच घडून गेले आहे. आयरिश समुद्रात ज्याला 'साधा' स्केट म्हणत, तो पाकटाचाच दूरचा नातलग, तिथून जवळजवळ नाहीसा झाल्याचे १९८१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तो कोणी मुद्दाम धरत नव्हते, इतर मासळीबरोबर येत होता, आणि सगळे स्केट एकत्र मोजल्यामुळे एकूण आकडा दिलासा देत राहिला. पुढे २००९-१० च्या सुमारास कळले, की ज्याला एक जात समजत होते त्या मुळात दोन जाती. नाव नीट नसले की तोटाही नीट दिसत नाही.

याहून जवळचे उदाहरण जावा बेटाचे आहे, आणि ठाणे-नवी मुंबईकरांनी ते लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. उरोलोफस जावानिकस नावाचे एक छोटे काटेरी पाकट, जेमतेम फूटभर लांबीचे. १८६२ मध्ये जाकार्ताच्या, तेव्हाच्या बटाव्हियाच्या, मासळी बाजारात त्याचा एक नमुना मिळाला. त्यानंतर ते कोणालाच सापडले नाही. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर मासेमारीचा ताण एकोणिसाव्या शतकातच वाढला होता. पुढे त्याच किनाऱ्यावर बंदरे, कारखाने आणि भराव आले. डिसेंबर २०२३ मध्ये ते नामशेष जाहीर झाले, माणसामुळे संपल्याची अशी अधिकृत नोंद झालेला पहिला सागरी मासा. त्याचा वावर थोड्या जागेत होता आणि आपल्या बुटक्या पाकटांचा पसारा बराच मोठा आहे, हा फरक मोठा आहे. तो झाकून भीती घालणे बरोबर नाही. पण महानगराच्या पायथ्याशी असलेली उथळ, गाळाची खाडी, तिच्या एका काठाला औद्योगिक पट्टा, तोंडाशी बंदर, आणि ज्याला कोणी नावाने ओळखत नाही असे पाकट, हे चित्र ओळखीचे वाटत नाही का? १८६२ च्या बाजारातही ते कोणाला दुर्मीळ वाटले असेल, असे मानायला काही आधार नाही.

मग बंदीच घालावी का? इथे मी बंदी मागणाऱ्या पक्षापासूनही वेगळा होतो. हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने मुशी (शार्क) आणि पाकट वर्गातल्या सगळ्याच माशांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकले, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवले. किनाऱ्यावर ओरड झाली आणि डिसेंबरपर्यंत ती यादी दहा जातींवर आणावी लागली. त्या दहांत गंगेतले पाकट आणि साळिंदरासारख्या काट्यांचे पाकट होते. धक्क्यावर रोज येणारे बारीक पाकट नव्हते. सरसकट बंदी का टिकली नाही? कारण जाळ्याला अनुसूची वाचता येत नाही. करंदी आणि बोंबील धरायला टाकलेल्या डोलीत पाकट येणारच. ते आणणे गुन्हा ठरले, तर मेलेले पाकट वाटेतच समुद्रात फेकले जाईल, धक्क्यावर दिसणार नाही आणि उरलीसुरली नोंदही बुडेल. माशाला त्याचा काही उपयोग नाही. पाकट हे स्वस्त खाणे आहे, हेही विसरू नये. त्याच्या मांसात युरिया असतो, शिळे झाले की अमोनियाचा वास मारते, म्हणून ताजेच खपते किंवा खारवून सुकवले जाते, आणि पापलेट-सुरमई ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी शिजते. बंदीचा पहिला फटका त्या चुलीला बसेल.

कोळी-आगरी समाजाचा अविश्वास कुठून येतो, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने साठच्या दशकापासून या खाडीच्या काठावर आहेत. वाशीचा पहिला पूल १९७३ चा, मग दुसरा, ऐरोलीचा, आता तिसरा. २०२४ मध्ये अटल सेतू झाला. दर वेळी गाळाची जागा बदलली, डोलीच्या जागा गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मच्छीमारांच्या भरपाईसाठी धोरण करा, असे सरकारला सांगावे लागले. हे सगळे पाहिलेला माणूस म्हणणारच, की खाडी तुम्ही बुजवलीत आणि पाकटाचा हिशेब आम्हाला विचारता? या प्रश्नात दम आहे. तरीही तो पूर्ण उत्तर होत नाही. बारीक पाकटांचा वावर खाडीपुरता नाही. खाडीच्या तोंडाबाहेरच्या उथळ चिखलावर आणि वाळूवर ती पसरलेली असतात, आणि तिथे त्यांच्यावरचा सर्वांत मोठा भार तळ खरवडणाऱ्या ट्रॉलचा आहे. प्रदूषणाविरुद्धची लढाई चालूच राहावी. पण तिच्या निकालाची वाट पाहत बसलो, तर ट्रॉलला तोवर मोकळे रान मिळते, आणि त्यात तोटा डोलीवाल्याचाही आहे.

जाळ्याचे आस, म्हणजे भोके, मोठे केले की प्रश्न सुटला, असेही पुष्कळांना वाटते. ट्रॉलच्या खोल्याला, म्हणजे शेवटच्या पिशवीला, ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा ही शिफारस चांगलीच आहे. चौकोनी आस ओढताना मिटत नाही आणि बारीक मासळीची पिल्ले निसटतात. पण पाकटाचे नवजात पिल्लूच ८०-१०० मिलिमीटर रुंद असते. ते ४० मिलिमीटरच्या आसातून कसे जाणार? कासव सुटावे म्हणून जाळ्यात बसवायच्या लोखंडी जाळीचेही तसेच. ती भारतात आजवर नीट लागली नाही, म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रातली कोळंबी घेणे थांबवले. ती लागली पाहिजे, याबद्दल दुमत नको. मात्र ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कोळंबीच्या मासेमारीत २००० पासून ती सक्तीची झाली, तेव्हा मोठी पाकटे ९० टक्क्यांहून जास्त सुटली आणि सगळ्या पाकटांचा मिळून आकडा जेमतेम एक तृतीयांशाने उतरला. लहान पाकटे आडवी-तिरकी होऊन गजांमधून आत जातात. पावसाळी बंदीचेही बघा. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस अंडी घालणाऱ्या मासळीला उपयोगी पडतात. उष्ण पाण्यातल्या या पाकटांमध्ये गाभण माद्या वर्षभर मिळतात. किमान आकाराचा नियमही असाच अपुरा आहे. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तो ठरवला, पण पाकटाच्या बाबतीत पिल्लू वाचवून गाभण आई उचलली तर हिशेब उलटाच पडतो.

मग काय लागू पडते? दोन गोष्टी, आणि पहिली जुनीच आहे. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली किनाऱ्यालगत ठरावीक खोलीपर्यंत, कुठे पाच वाव तर कुठे दहा वाव, ट्रॉलरला मज्जाव आहे. बुटक्या पाकटांची पिल्ले आणि गाभण माद्या याच पट्ट्यात येतात. नवा कायदा नको. आहे तो रात्री पाळला जातो की नाही हे पाहायला बोट हवी, आणि बोटीच्या मार्गाची नोंद तपासणारे माणूस हवे. ट्रॉल तीन-चार तास ओढले जाते, पाकट तळाशी चेपले जाते, वर येईपर्यंत बहुधा मरते किंवा मरणाच्या वाटेवर असते. तिथे 'जिवंत सोडा' हा उपदेश कागदावरच राहतो. पट्ट्याबाहेर ठेवणे हाच उपाय.

दुसरी गोष्ट डोलीची. डोल प्रवाहाच्या तोंडाला बांधलेली असते, पाणी मंदावले की उचलतात, आणि एका भरतीच्या किंवा ओहोटीच्या मुदतीत आत आलेले पाकट बऱ्याचदा जिवंत असते. सोडणे इथे शक्य आहे, पण रीत चुकली तर सोडलेले पाकटही मरते. खोला रिकामा करण्याआधी समुद्राच्या पाण्याने अर्धे भरलेले टब किंवा क्रेट शेजारी हवे. बोंबील-करंदी निवडायच्या आधी पाकट उचलायचे, कारण मासळीच्या राशीखाली दबले की ते गुदमरते. शेपटीने उचलायचे नाही. मणका खचतो आणि काटा हाताला लागतो. डोळ्यांमागच्या दोन भोकांत बोटे घालायची नाहीत, तळाशी बसलेले पाकट त्यांतूनच पाणी आत घेते. रुंद फळी किंवा उथळ झारा पोटाखाली सरकवायचा, किंवा ओल्या हातांनी दोन्ही बाजूंच्या कडा धरायच्या, शेपटी आपल्यापासून लांब. पोट खालीच राहू द्यायचे. डोळ्यांमागची भोके उघडझाप करत असली तर ते जगण्याजोगे आहे. पाण्यालगत आणून सोडायचे, उंचावरून भिरकवायचे नाही. शेपटी छाटून सोडणे तर सर्वांत वाईट, कारण मोठ्या माशापासून वाचायला त्याच्याकडे तेवढेच असते. घाई करायचे कारणही आहे: धरल्याच्या ताणाने गाभण मादी पिल्ले अवेळी टाकते, आणि बलकाची पिशवी अजून पोटाला लटकत असलेले पिल्लू पाण्यात सोडले तरी जगत नाही. म्हणून फुगलेल्या पोटाची मादी सगळ्यांत आधी.

काटा लागलाच, तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. विष प्रथिनांचे असते, उष्णतेने निकामी होते. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या हाताने नव्हे, चांगल्या हाताने पाहायचे, नाहीतर भाजते. छाती-पोटात घुसलेला काटा बोटीवर उपटायचा नाही. नंतर दवाखाना आणि धनुर्वाताची सुई चुकवायची नाही.

'हे सगळे फुकटात कोण करील?' हा आक्षेप रास्त आहे. जाळे फाडून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते, आणि गुजरातमध्ये देवमुशी (व्हेल शार्क) वाचली ती कोळ्यांना आधी सोबत घेतल्यामुळे. बारीक पाकटासाठी जाळे फाडावे लागत नाही, त्याचा भावही थोडा; जाते ती दहा-पंधरा मिनिटे. त्या वेळेचा मोबदला मच्छीमार सोसायटीमार्फत, नोंदीच्या बदल्यात देता येईल. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहेच; फोटोवरून जात ओळखून देण्याचे काम तिथे होऊ शकते.

नोंद अवघड नाही. दिवाळे, सारसोळे, चेंदणी अशा कोळीवाड्यांत एक वही, एक फूटपट्टी आणि मोबाइल पुरतो. तारीख, पाण्याची खोली वावात, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत रुंदी (लांबी नको, कारण शेपट्या तुटलेल्या असतात), नर की मादी (नराच्या शेपटीच्या मुळाशी दोन दांड्या असतात; मऊ असतील तर अजून वयात आलेला नाही, कडक असतील तर आला), मादी गाभण आहे का, सोडले की आणले. वरून एक फोटो, पोटाकडून एक. नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणांपासून पुढच्या मेपर्यंत एवढे भरले, की दोन हंगामांत कळेल की टोपलीतल्या 'बारीक' पाकटांपैकी किती बुटक्या जातीची मोठी आहेत आणि किती मोठ्या जातींची बाळे, गाभण माद्या किती वावात जास्त मिळतात, आणि पाच वावाची रेघ पुरते की दहाची लागते.